केशवरावांनी शब्द कोणाला दिला?

केशवरावांच्या डोक्यात काय काय साठवलेलं होतं, याची यादी करायला बसलं तर कागद पुरला नसता, आणि केशवरावांचा तर कागदावर विश्वासच नव्हता. अमरावतीला वडाळीच्या तलावाच्या खालच्या अंगाला त्यांची पाच एकरांची बाग होती. संत्र्याची कलमं बांधायची, भाजी पिकवायची आणि दोन्ही विकायचं, हा तीन पिढ्यांचा धंदा. वरूडपासून तेल्हाऱ्यापर्यंत कोणी किती कलमं सांगितली, कोणाची जमीन पाणी न जिरणारी चोपण, कोणाची मागच्या साली किती झाडं जगली, सगळं तोंडपाठ. धाकटी लेक शालू सातवी पास झाली तेव्हा तिने हौसेने एक वही आणून पुढ्यात ठेवली. केशवरावांनी ती उलटीपालटी करून पाहिली आणि परत दिली. म्हणाले, "ज्याच्या डोक्यात जागा नसते तो वही इकत घेते."

समाजात तर त्यांचा मान काही औरच. सोयरीक जुळवायची असली की लोक ज्योतिषाच्या आधी केशवरावांकडे येत. मुलाचं आडनाव आणि मुलीचं मूळ गाव सांगितलं की पुरे. केशवराव डोळे मिटत, क्षणभर पुटपुटत आणि निकाल देत, "पोराचा आजा अन पोरीचा पणजा एकाच घरातले. जमत नाई. चहा घ्या." माणूस चहा घेई आणि दुसरं स्थळ शोधायला लागे. केशवरावांच्या निकालावर अपील नव्हतं.

त्यांची बायको माणिकबाई मात्र या कीर्तीने कधी दिपली नाही. ती म्हणे, "वीस सालाखाली मेलेल्या बैलाचं नाव यायले पाठ हाये, अन बाजारातून मीठ आनाचं तेवढं ध्यानात राहत नाई." यात काही खोटं नव्हतं. होऊन गेलेलं आणि करायचं असलेलं, या दोन गोष्टी माणसाच्या डोक्यात दोन निराळ्या जागी राहत असाव्यात, आणि केशवरावांची दुसरी जागा जन्मापासूनच रिकामी होती. पण पहिलीचा डौल एवढा मोठा की दुसरीकडे बघतो कोण? माणसाचा ज्या गोष्टीवर फार भरवसा असतो ती गोष्ट एक दिवस त्याला तोंडावर पाडते. केशवरावांच्या बाबतीत तर हे अक्षरशः घडलं.

सन पस्तीसच्या वैशाखात, पावसाळ्याआधी कलमांच्या मागण्या घ्यायला, ते गुरुवारी पहाटे अकोल्याकडे निघाले. शुक्रवारी तिन्हीसांजेला बडनेऱ्याच्या एका टांगेवाल्याने त्यांना आडवं घालून घरी आणलं. गाडीतून उतरता उतरता ऊन लागून भोवळ आली आणि डोकं फलाटाच्या फरशीवर आपटलं, असं टांगेवाल्याने सांगितलं. कपाळाच्या वर लिंबाएवढं टेंगूळ होतं. माणिकबाईने कांद्याचा रस चोळला, कैरीचं पन्हं पाजलं. रात्रभर ते घोरत होते, म्हणजे काळजीचं काही नव्हतं.

शनिवारी सकाळी उठून त्यांनी चहा मागितला. चहा पिता पिता म्हणाले, "चला, गाडीची येळ झाली. अकोल्याले जाऊन राहिलो."

माणिकबाई हसली. मग त्यांच्या तोंडाकडे पाहून तिचं हसणं थांबलं. गुरुवार आणि शुक्रवार असे दोन दिवस या माणसाच्या डोक्यातून धुऊन निघाले होते. बाकी सगळं शाबूत. सात पिढ्यांची नावं विचारा, सांगतील. बैल विचारा, गाई विचारा, चाळीस गिऱ्हाइकांच्या मागण्या विचारा. गुरुवारी पहाटे माणिकबाईने शिदोरीला काय बांधलं होतं तेही सांगितलं. तिथून पुढे मात्र एकदम शनिवारचा चहा.

दोन दिवस गेले म्हणून काही आभाळ कोसळत नाही. लोकांची सालंच्या सालं वाया जातात. पण माणिकबाईने धुवायला टाकण्याआधी त्यांच्या उपरण्याची गाठ सोडली, आणि आतून हळद-कुंकू लागलेली, फोडलेली सुपारी बाहेर पडली. पिशवीत शेंडीला कुंकू लावलेला नारळही होता. आता हळद-कुंकवाची सुपारी फोडणं म्हणजे काय, हे वऱ्हाडात लहान पोरालाही कळतं. सोयरीक पक्की झाली, शब्द दिला. साक्षगंध नंतर होईल, लग्न त्यानंतर, पण शब्द तो शब्द. आणि घरात लग्नाची एकच मुलगी होती.

"कोनाले देल्ला शब्द?" माणिकबाईने विचारलं.

केशवरावांनी सुपारीकडे पाहिलं, डोळे मिटले, पुटपुटले. डोळे उघडले. पुन्हा मिटले. "आठवत नाई," ते म्हणाले.

पंचवीस वर्षांच्या संसारात हे दोन शब्द माणिकबाईने त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले. तिला आधी वाटलं थट्टा करतात. मग तिने देवाजवळ दिवा लावला. दुसऱ्या कोणाच्या सोयरिकीला साक्षीदार म्हणून बसले असतील, अशी तिने स्वतःची समजूत घालून पाहिली. पण साक्षीदाराच्या उपरण्यात कोणी सुपारी आणि पिशवीत नारळ घालत नाही. शालू दारात उभी राहून हे ऐकत होती. ती बागेत निघून गेली.

दुष्काळात तेरावा महिना म्हणावा तसे रविवारी सकाळी शेजारच्या बागेचे उत्तमराव आले. त्यांचा मुलगा गोवर्धन कामसू, नीटनेटका, बोलायला मोजका. शालूला मागणी घालायला ते आले होते. दोन्ही बागांचं पाणी एकाच पाटाने येई, आणि गेलं वर्षभर तो पाट बरोबर कुंपणाशीच फुटत होता. तो बांधायला घरात तीन माणसं असताना दर वेळी शालूच धावे आणि पलीकडून गोवर्धन धावे. पाट बांधायला त्यांना इतका वेळ का लागतो, हे कोणी विचारत नव्हतं.

उत्तमराव म्हणाले, "मी पुढच्या इतवारी वरूडले भावाकडे जाऊन राहिलो. तिथं एक पोरगी सांगून आली हाये. त्याच्या आधी तुमचं हव का नाई ते कळू द्या. तुमच्या घरची पोरगी आली तं मले दुसरीकडे पाहाचंच नाई."

एरवी केशवरावांनी तिथल्या तिथे साखर वाटली असती. पण एकाला शब्द देऊन दुसऱ्याला हो कसं म्हणणार, आणि कोणाला शब्द दिला तेच ठाऊक नसताना नाही तरी कसं म्हणणार? ते म्हणाले, "इचार करून सांगतो." उत्तमरावांना वाईट वाटलं, ते त्यांच्या चपला घालण्यात दिसलं.

केशवराव तडक शेषराव डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी टेंगूळ दाबलं, डोळ्यांत बत्ती धरली, चार प्रश्न विचारले.

"केशवराव, तुमाले वाटते डोक्यात एकच मोठी कोठी हाये अन तिच्यात सारं भरलं हाये. तसं नसते. हाताची आठवण येगळी, नावागावाची येगळी, अन काल-परवा काय घडलं ती येगळी. ही शेवटची मोठी नाजूक. ताज्या सारवनावानी. वाळाच्या आधी त्याच्यावरून गाय गेली का सारं इस्कटते. तुमच्या दोन दिवसावरून गाय गेली, बस."

"मंग परत येत नाई?"

"खाली काई उरलं असन तं येते. जिथं जिथं गेले तिथं तिथं पुन्हा जा. बसल्या जागी डोक्याले ताण देऊ नका, त्यानं उलटं गोंधळते. पण एकटे जाऊ नका, अन टोपी घाला."

घरी येऊन ते बागेत बसले. रोपांच्या ओळीत बैठक मारली, चाकू घेतला आणि सवयीने कलमाचे डोळे बसवायला सुरुवात केली. जंबेरी लिंबाच्या खुंटाच्या सालीवर उभी चीर, आडवी चीर, संत्र्याचा डोळा आत सरकवला, केळीच्या सोपटाने बांधला. एकीकडे ते स्वतःवर चिडत होते, दुसरीकडे हात चालूच. शालू पाणी घालत मागून आली. चाळीस रोपं झाली होती, एकही डोळा वाकडा नव्हता.

"हात नाई इसरले, बाबा."

"हाताले कोन इचारते? हात काय सांगन कोनाच्या घरी जेवलो ते?"

पण रात्री त्यांना डॉक्टरांचं बोलणं पटलं. बुधवारी जायचं ठरलं. माणिकबाईला बागेचं पाणी सोडून हलता येत नव्हतं, थोरला मुलगा आधीच चिखलदऱ्याकडे भाजीची गाडी घेऊन गेलेला. उरली शालू.

"लगनाची पोरगी घेऊन दारोदार फिरसान काय?" माणिकबाई म्हणाली. "लोक म्हनतीन, दाखवाले आनली."

"कोनाले दाखवाची तेच माईत नाई," केशवराव म्हणाले. तेव्हा माणिकबाईने कपाळाला हात लावला आणि भाकऱ्या बांधल्या.

बडनेऱ्याला गाडी बदलायची होती. आपण इथेच पडलो, असं मनाशी म्हणत केशवराव फलाटावर हिंडले. फरशी पाहिली, नळ पाहिला. काही नाही. एक फुटाणेवाला हसत जवळ आला. "काय काका, बरं हाये ना आता? मीच तं पानी मारलं होतं तोंडावर." केशवरावांनी त्याचे हात धरून आभार मानले, पण तो चेहरा त्यांना नवाकोरा होता. आपण जगाच्या आठवणीत आहोत आणि जग आपल्या आठवणीत नाही, हे त्यांना फार लागलं. 

मूर्तिजापूर जवळ आलं तेव्हा ते एकदम शालूला म्हणाले, "तुले गोवर्धन पसंत हाये."

शालू खिडकीबाहेर बघत होती. "मी काई म्हनलं काय?"

"पाट काहून फुटते ते मले कळत नाई असं समजते तू?"

शालू लाजली नाही. ती म्हणाली, "तुमी ज्या घरी शब्द देल्ला असन त्या घरी मी जाईन, बाबा. तुमच्या शब्दाले लोक किती मानतात ते मले माईत हाये. फक्त ते घर कोनतं ते लवकर सापडू द्या. असं लटकून राहनं बरं नाई वाटत."

 केशवरावांनी भाकरी सोडली आणि तिला अर्धी दिली. दुसरं काय करावं ते त्यांना सुचलं नाही.

अकोला आलं. स्टेशनाबाहेर पडून आता कोणाकडे चौकशी करावी, या विचारात ते चालत होते. शालू मागे होती. ती म्हणाली, "बाबा, आपन कुठं जाऊन राहिलो?" केशवराव थबकले. बोलता बोलता, विचार करता करता, पाय त्यांना दोन गल्ल्या पार करून आकोटच्या सर्व्हिस मोटरीच्या अड्ड्यावर घेऊन आले होते. इथे ते एरवी कधी येत नसत. त्यांची गिऱ्हाइकं रेल्वेच्या बाजूची.

"पायाले माईत हाये," ते हळूच म्हणाले. डॉक्टरांचं म्हणणं खरं होतं, डोकं नाही तर नाही, पाय तरी कामाला आले. आता पायांच्या मध्ये बोलायचं नाही असं ठरवून ते मोटरीत चढले, कोपऱ्यातली जागा धरली. तिकीटवाला पोचला.

"कुठलं?"

"दोन सांगवी," केशवरावांच्या तोंडाने सांगितलं.

सांगितलं आणि ते स्वतःच दचकले. त्यांनी तोंडावर हात ठेवला, जणू अजून काही बाहेर पडेल. सांगवी? सांगवी तर खारपाणपट्ट्यात. पूर्णेच्या दोन्ही काठांना ही पट्टी पसरली आहे. जमीन वर काळीभोर, कपाशी माणसाएवढी होते, पण विहीर खणली की खारट पाणी. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, त्या पाण्यावर मिरचीचं रोप धरत नाही, आणि पिण्याचं गोडं पाणी नदीतल्या झिऱ्यांवरून आणावं लागतं. बागायतदाराच्या घरची मुलगी या पट्ट्यात सहसा कोणी देत नसे. केशवरावांनी स्वतः कितीतरी स्थळं एवढ्याच कारणाने मोडली होती.

"मी नाई इथं शब्द देनार," ते शालूला म्हणाले. "तोंड चुकलं असन."

 शालू मोटरीतून पळणारी उघडी शेतं बघत राहिली. विहिरीवर मोट नाही, कुठे हिरवा वाफा नाही.

तोंड चुकलं नव्हतं. सांगवीच्या वेशीत ते उतरले आणि वीस पावलं चालले नाहीत तोच एका मोठ्या घराच्या ओट्यावरून गडगडाटी आवाज आला, "अरे वा, व्याही आले! अन सूनबाईलेबी घेऊन आले!"

ते नत्थुजी. साठ एकरांचे धनी, पांढऱ्या मिशा, दिलदार चेहरा. केशवरावांनी त्यांना ओळखलं, कारण जुनी ओळख शाबूत होती. कधीकाळी जत्रा-बाजारात भेटलेले. पण त्या दोन दिवसांत भेटलेले नत्थुजी डोक्यात नव्हते. म्हणजे शब्द कोणाला दिला ते सापडलं. का दिला, ते काही केल्या आठवेना. आपण पडलो, विसरलो, हे सांगून टाकावं की नाही? सांगितलं असतं तर सोपं झालं असतं, पण केशवरावांच्या जिभेला ते वाक्य सरावाचं नव्हतं. ते नुसतं "हव, आलो" म्हणून ओट्यावर टेकले.

नत्थुजींनी शेजारच्या चार-पाच माणसांना हाक मारली. मुलगा जयवंता पाण्याची गाडी घेऊन नदीवर गेला होता, येईलच म्हणाले. घर खाऊनपिऊन सुखी होतं, माणसं मायेची होती. वाईट म्हणावं असं काहीच नव्हतं, आणि केशवरावांना त्याचाच जास्त धाक वाटला.

नत्थुजींची बायको गोदाबाई पाण्याचे दोन गडवे घेऊन बाहेर आली. पन्नाशीची, हाडकुळी, पण मान ताठ. वर्षानुवर्षं डोक्यावर घागरी वाहिलेल्या बाईची असते तशी.

"पाहुण्यायचं गोडं पानी नाई आनलं हो," नत्थुजी हसून म्हणाले. "आमच्या घरची रीत तुमाले त्या दिवशीच सांगतली. पाहुना आला का नदीचं गोडं पानी. सुपारी फुटली का तो घरचा झाला, मंग घरच्या इहिरीचं. आता तुमी घरचे."

केशवरावांनी गडवा तोंडाला लावला. खारट, कडसर पाणी जिभेवर पसरलं, आणि त्या एका घोटासरशी गेला शुक्रवार आख्खाच्या आख्खा परत आला.

हाच ओटा. हीच माणसं. अकोल्याच्या स्टेशनाबाहेर नत्थुजी भेटले, जेवायला चलाच म्हणत अड्ड्यावर घेऊन गेले. जेवण झालं, लिंबाचं लोणचं फार छान होतं. मग नत्थुजींनी सगळ्यांना सांगितलं, "हे केशवराव. आख्ख्या वऱ्हाडात असा मानूस नाई. काईच इसरत नाई." केशवराव फुलले. आणि नत्थुजी म्हणाले, "मंग हे तं आठवतच असन. वीस सालाखाली ऋणमोचनच्या जत्रेत आपन एका झाडाखाली बसलो होतो. तुमी म्हनले, नत्थुजी, मले पोरगी झाली तं तुमच्या घरी देईन. आठवते ना?"

केशवराव डोक्यात शोधायला गेले. तिथे काहीच नव्हतं. ना झाड, ना नत्थुजी, ना वाक्य. आठवणींची उतरंड लावलेल्या त्या घरात एक कोपरा झाडून ठेवल्यासारखा रिकामा होता. पाच माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत होती. "आठवत नाही" एवढं म्हणायचं होतं. केशवराव म्हणाले, "आठवते म्हंजे? तुमी त्या रोजी तांबडा पटका बांधला होता."

तांबडा पटका. तो कुठून आला देव जाणे. पण तो बोलल्याबरोबर त्यांना स्वतःलाही दिसायला लागला, आणि नत्थुजी तर भरून येऊन म्हणाले, "पाहा, पटक्याचा रंगबी आठवते यायले." मग सुपारी फुटायला कितीसा वेळ लागतो? चारचौघांत कबूल केलेला जुना शब्द, तो नाकारणार कसा? सुपारी फुटली आणि गोदाबाईने हेच खारं पाणी पुढे केलं.

हे सगळं त्यांना दोन क्षणांत दिसलं.  ऊन लागून विसरलो त्याचं दुःख ते चार-पाच दिवस करत होते. खरी फसगत त्या आधीच झाली होती, आणि ती टेंगळाने केलेली नव्हती.

त्यांनी शालूकडे पाहिलं. ती दाराशी गोदाबाईजवळ बसली होती. तिने गडवा उचलला आणि न थांबता, कपाळावर आठी न पाडता, तळापर्यंत पिऊन टाकला. मग पदराने ओठ पुसले.

"कसं लागलं माय, पानी?" गोदाबाईने विचारलं.

"बरं हाये," शालू म्हणाली.

केशवरावांना ते बघवेना. त्यांनी गडवा खाली ठेवला आणि टोपी काढली.

"नत्थुजी, मले एक सांगाचं हाये. या साऱ्यायच्या समोर सांगाचं हाये. त्या दिवशी तुमी जत्रेतली गोष्ट काढली, तवा मले ते आठवत नव्हतं. आजई आठवत नाई. मी आठवते म्हनलो, ते खोटं म्हनलो."

ओट्यावरच्या माणसांनी नत्थुजींकडे पाहिलं.

"अन तांबडा पटका?" नत्थुजींनी विचारलं.

"तो मीच मनानं बांधला तुमच्या डोक्यावर."

कोणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. नत्थुजींच्या मिशा थरथरल्या. "म्हंजे मी खोटा? तुमी म्हनलेच नाई काय जत्रेत?"

"तुमी खरे असान. मी म्हनलो असन, नसनबी. मले माईत नाई, हेच सांगून राहिलो. लोक मले म्हनतात हा काई इसरत नाई, अन ते आयकाची मले इतकी गोडी लागली का इसरलो म्हनाची लाज वाटली. त्या लाजेपायी मी पोरीचा जलम ठरवून टाकला. तिले न इचारता."

"शब्द तं देल्ला ना पन तुमी? सुपारी तं फुटली?"

"देल्ला. अन मोडून राहिलो. लपूनछपून नाई, चारचौघांत मोडून राहिलो. तुमी साऱ्या वऱ्हाडात सांगा, केशवराव इसरते अन वरून खोटं बोलते."

"तुमच्याकडे सोयरीक इचाराले कुत्रं येनार नाई."

"नको येवो," केशवराव म्हणाले. त्यांनी मान खाली घातली नाही. आयुष्यभर कमावलेलं एकच भांडवल त्यांनी त्या ओट्यावर ओतलं होतं, आणि त्याचं त्यांना फार वाईट वाटत होतं.

नत्थुजी उठून उभे राहिले. आता काय बोलतील याची सगळे वाट बघत असताना दारातून गोदाबाई बोलली. इतका वेळ ती शालूच्या रिकाम्या गडव्याकडे बघत होती.

"ही पोरगी न थांबता पानी प्याली," ती म्हणाली. "मी बी अशीच प्याली होती. वरूडकडच्या मळ्यातून आली होती मी. घरी इहिरीचं पानी असं गोड, का वाटे साखर टाकली. इथं बापासमोर पयला घोट घेतला, अन त्याले वाईट वाटू नये म्हनून सारा गडवा संपवला. बरं हाये म्हनलं. इतके साल मी हे इसरून गेलती. आज हिले पाह्यलं अन आठवलं."

"तू कदी बोलली नाई," नत्थुजी म्हणाले.

"मले आठवत असतं तं इथं राहनं जमलं असतं काय?" गोदाबाईने गडवा उचलला. "माझा बाप बी शब्दाचा पक्का होता. त्यानं नाई मोडला."

नत्थुजी तिच्याकडे बघत राहिले. तीस वर्षं रोज दिसणाऱ्या बाईकडे माणूस असं बघत नाही. त्यांचा राग कुठे गेला ते त्यांचं त्यांनाही समजलं नसेल. ते पुन्हा ओट्यावर बसले, काठीने मातीत एक रेघ ओढली, पुसली. शेजारी एकेक करून उठून गेले.

बऱ्याच वेळाने त्यांनी घसा खाकरला आणि कोणाकडेच न बघता म्हणाले, "पाहुण्यायले गोडं पानी आनून दे."

पाहुण्यांना, म्हणाले. सगळ्यांना कळलं. गोदाबाई आत गेली आणि रांजणातलं नदीचं पाणी घेऊन आली. पहिला गडवा तिने शालूच्या हातात दिला आणि तिच्या जवळच बसून राहिली. शालूने दोन घोट घेतले, आणि खारं पाणी मुकाट पिणाऱ्या त्या मुलीला आता मात्र रडू आवरेना. केशवरावांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मग नत्थुजींसमोर मान लववून त्यांनी आपला गडवा उचलला आणि पाहुण्यासारखे प्याले.